मुळ्ये काकांचे कान

आधीच सांगते, माझं अक्षर म्हणजे कुत्र्याचे पाय मांजराला. ऱ्हस्व-दीर्घाचं मला कधी जमलं नाही. वरूडजवळच्या आमच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. पुढे शिकायचं तर दुसऱ्या गावाला चालत जावं लागायचं, आणि मुलीला कोण पाठवतं. तेव्हा कोणाच्या हाती ही पानं पडली तर त्यांनी सांभाळून घ्यावं. कोणी वाचावं म्हणून मी लिहीत नाही. मला माणसांसमोर बोलता येत नाही. कागदासमोर तसं होत नाही, एवढंच.

मुळ्ये काकांना त्यांचा मुलगा मागच्या महिन्यात पुण्याला घेऊन गेला. इथल्या अयोध्या नगर वस्तीतल्या घराला आता कुलूप आहे. त्या घरी मी बरीच वर्षं स्वयंपाक केला. लग्नानंतर मी इकडे हिंदी मुलखात आले. माझे यजमान इथल्या मोठ्या कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला होते, त्यांनीच मला तिथे लावून दिलं. काका त्याच कारखान्यातून रिटायर झालेले. नोकरीत असताना बरखेड्याच्या क्वार्टरमध्ये राहायचे. नोकरी संपली तसं क्वार्टर सोडलं आणि इकडे घर घेतलं. काकू तेव्हा नव्हत्याच.

काकांचं कारखान्यातलं काम ऐकण्याचं होतं. मला आधी ही थट्टा वाटली. पण खरंच, मोठाल्या मशिनी फिरायला लागल्या की त्यांच्या पोटात कुठे दुखतंय ते काका बाहेरून ऐकून सांगायचे. हातभर लांबीच्या स्क्रूड्रायव्हरचं टोक मशिनीला टेकवायचं आणि मूठ कानामागच्या हाडाला. पुढे मीटर आले, कॉम्प्युटर आले, तरी मोठ्या साहेबांचा काकांना निरोप यायचाच, मुळ्ये को बुलाओ.

तो स्क्रूड्रायव्हर त्यांनी घरी आणला होता. मी कामाला लागले त्या दिवशी ते तो फ्रीजला लावून उभे होते. मला वाटलं, म्हातारा जरा सरकलेला दिसतो.

"शोभाबाई, हा फ्रीज दिवाळीपर्यंत जाईल," ते म्हणाले. दूधवाल्यापासून माझ्यापर्यंत सगळ्यांना ते 'तुम्ही' म्हणायचे.

फ्रीज दिवाळीनंतर आठवड्याने गेला. नवा घ्यावा लागला त्यापेक्षा आठवड्याची चूक झाली याचंच त्यांना वाईट वाटलं.

मी अंगणातून आत येईपर्यंत ते सांगायचे, डावी चप्पल शिवून घ्या. कुकरची पहिली शिट्टी झाली की बाहेरून आवाज यायचा, रबर बदला. मिक्सर, पंखा, शेजाऱ्यांची पाण्याची मोटर, कशालाच सुट्टी नव्हती. शेजारचे वर्माजी तर हात जोडायचे, "मुळ्येजी, हमारी मोटर को जीने दो."

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं, "यंत्र खोटं बोलत नाही. जिथे दुखतं तिथेच ओरडतं." आणि दुसरं दुरुस्तीचं, "एका वेळी एकच भाग बदला आणि ऐका. दोष तोच राहिला तर त्या भागाला माफ करा आणि पुढच्याकडे बघा." भाजीत मीठ जास्त झालं तरी ते असंच करायचे. आधी मिठाचा डबा बघायचे, मग चमचा, मग माझ्याकडे.

काकूंच्या आजाराची गोष्ट मला त्यांनी नाही, सक्सेना साहेबांनी सांगितली. काकूंना बरेच दिवस खोकला होता. डॉक्टर म्हणाले, हवा बदलली आहे, जाईल. काकांनी एका संध्याकाळी त्यांच्या पाठीला कान लावला, उजव्या बाजूला खाली, आणि म्हणाले, "इथे घासतंय." काकू हसल्या होत्या म्हणे, मला काय टर्बाइन समजता का. डॉक्टरही हसले. वर्षाच्या आत काकू गेल्या. त्यानंतर काका कोणत्याही माणसाला कान लावून ऐकत नसत. माझी मुलगी एकदा तापाने फणफणली होती, मी म्हटलं, काका, जरा ऐकून बघा ना. त्यांनी रिक्षाचे पैसे हातात ठेवले आणि दवाखान्यात पाठवलं.

सक्सेना साहेब म्हणजे काकांचे एकुलते एक मित्र. ते कारखान्याच्या खरेदी विभागात होते. बाहेरून माल घ्यायचा, तपासायचा, बिल पास करायचं, असं काम. काका म्हणायचे, "त्या खात्यात चहासुद्धा कोणीतरी दुसरा पाजतो. हा आपला थर्मास घरून न्यायचा." दिवाळीत कोणी व्यापारी मिठाईचा डबा पाठवला की सक्सेना साहेब तो परत पाठवायचे, आणि वर पावती मागायचे की डबा परत मिळाला. लोक त्यांना मागून पावतीलाल म्हणत. काका तोंडावर म्हणत.

दोघांची ओळख कशी झाली ते सक्सेना साहेब दर वेळी नव्याने सांगायचे. बरखेड्याला दोघांच्या क्वार्टरची भिंत एक. सक्सेना साहेबांना नोकरीच्या कामाने दोन वर्षं परदेशात ठेवलं होतं. तिथून येताना सगळ्यांनी टीव्ही आणले, यांनी व्हायोलिनच्या तबकड्या आणल्या. पहिल्याच रविवारी त्या लावल्या, तर दारावर थाप.

"खोलता हूँ तो ये खड़ा है. हाथ में पेचकस. बोला, आपके यहाँ कोई मशीन है, उसका बेअरिंग जा रहा है, बंद कीजिए, आग लग जाएगी."

"तसाच आवाज होता," काका शांतपणे म्हणायचे.

"फिर मैंने कहा, भाई साहब, ये व्हायोलिन है. तो ये क्या बोला? बोला, तो फिर व्हायोलिन का बेअरिंग जा रहा है."

काका त्या दिवशी आत गेले, बसले, आणि तबकडी संपेपर्यंत उठले नाहीत. तेव्हापासून दर रविवारी सकाळी ऐकणं ठरलं. क्वार्टर सुटलं, दोघं शहराच्या दोन टोकांना गेले, तरी रविवार मोडला नाही. काका घरचे पोहे घेऊन सक्सेना साहेबांकडे जायचे, आणि तिथे स्वयंपाकाला हात लावायला मलाही सोबत न्यायचे.

ते जे ऐकायचे ते आपल्या गाण्यासारखं नव्हतं. मला आधी कळेचना की याला लोक गाणं का म्हणतात. चाल नाही, ताल धरावा तर हातातून निसटतो. मागे पन्नास-साठ जणांचा ताफा, ढोल, पितळी भोंगे, पत्र्यावर पाऊस पडावा तशी खडखड, आणि पुढे एकटं व्हायोलिन. ते कधी दाराच्या बिजागरीसारखं कुरकुरायचं, कधी मांजरासारखं. मध्येच सगळे थांबायचे आणि ते एकटंच असं काही धावत सुटायचं की माझा पोळी लाटायचा हात थांबायचा. चांगलं वाटायचं म्हणून नाही. कोणीतरी पडणार आहे असं वाटायचं म्हणून.

एकदा मी धीर करून विचारलं, "काका, हे सगळं एवढं अवघड कशाला वाजवतात?"

काकांना प्रश्न आवडला. त्यांनी मला समोर बसवलं. म्हणाले, हे जुनं संगीत नाही, अलीकडचं आहे. हे लिहिणारा आधी वाजवणारा निवडतो. ठरावीक एका माणसासाठी लिहितो. त्याची बोटं किती लांब पोचतात, कुठे तो घाबरतो, सगळं माहीत करून. "आमच्याकडे मशीन पाठवण्याआधी एका खड्ड्यात बंद करून ठरवलेल्या वेगाच्या वर पळवायचे. तुटायची असेल तर इथे तुटू दे, गिऱ्हाइकाकडे नको. तसंच हे. लिहिणाऱ्याने वाजवणाऱ्याला वेगाच्या वर पळवलंय. फक्त हा खड्डा उघडा आहे आणि लोक तिकीट काढून बघतात."

"आणि तुटला तर?"

"तुटत नाही. पण तुटेल असा आवाज येतो. तोच ऐकायचा."

सक्सेना साहेबांना हे पटायचं नाही. ते डोळे मिटून ऐकायचे, आणि कधीकधी त्यांच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी यायचं. काका कोपर टेबलावर टेकून, एक बोट कानामागे लावून ऐकायचे, तपासणी असल्यासारखे. संपलं की पोहे-जिलेबी आणि भांडण. "तू संगीत नहीं सुनता, तू फॉल्ट ढूँढता है," सक्सेना साहेब म्हणायचे. काका म्हणायचे, "और तू रोता है. रोने वाला माल क्या जाँचेगा?"

मग सक्सेना साहेबांच्या मिसेसना अर्धांगाचा झटका आला. मुलगी नीलम अरेरा कॉलनीत राहायची, ती दोघांना आपल्या फ्लॅटमध्ये घेऊन गेली. आजारी माणसाला आवाज सोसेना आणि औषधाला पैसा पुरेना. सक्सेना साहेबांनी आपला सगळा संच, मोठाले स्पीकर, तबकड्या फिरवायचं यंत्र, तबकड्यांची खोकी, काकांना विकला. काका फुकट घ्यायला तयार नव्हते आणि सक्सेना साहेब फुकट द्यायला. रक्कम माझ्या वर्षाच्या पगाराहून जास्त होती. सक्सेना साहेबांनी छापील पावती फाडून दिली. काका म्हणाले, "अब सुनने मेरे घर आना पड़ेगा, पावतीलाल." ते म्हणाले, "आऊँगा. तेरे पोहे में नींबू कम होता है, लेता आऊँगा."

खरंच आनंदात होते दोघं.

त्या खोक्यात एक हिरव्या कव्हरची तबकडी होती. बरीच वर्षं ती लावलेली नव्हती, कारण काकूंच्या आजारपणात दोघांनी ती फार ऐकली होती. त्यातलं संगीत लिहिणाऱ्याने आपल्या एका मित्रासाठी लिहिलं होतं. तिचा शेवट असा होता. मागचे लोक एकेक करून थांबतात. व्हायोलिन वर चढत जातं. ढोल थांबतात, भोंगे थांबतात, आणि शेवटी एकच सूर उरतो. गवारीच्या शेंगेचा दोरा काढतो ना, इतका बारीक, न तुटता ओढत राहतो तसा. मग तोही संपतो.

काकांनी ती आपल्या घरी पहिल्यांदा लावली तेव्हा सक्सेना साहेब नव्हते. ऐकताना काका एकदम उठले. स्पीकरजवळ गेले. सुई उचलून पुन्हा ठेवली. पुन्हा ऐकलं. "शेवट नाहीच," ते म्हणाले.

त्यांनी सुई बदलली. तारा बदलल्या. घरी मेकॅनिक बोलावला. तो म्हणाला, "साहब, एकदम सही है." काका त्याला म्हणाले, "तुम्हें सुनाई नहीं देता." मग स्पीकरची जाळी उघडली. आत बारीक आवाजाचा एक लहान स्पीकर असतो, त्याला ट्वीटर म्हणतात. काकांनी ठरवलं, हा जळलेला आहे.

पुढच्या रविवारी सक्सेना साहेब लिंबं घेऊन आले. काका काही बोलले नाहीत, हिरवी तबकडी लावली. मी स्वयंपाकघराच्या दारात पोह्यांच्या बशा घेऊन उभी होते. शेवट आला. ढोल थांबले, भोंगे थांबले. सूर चढत गेला. काकांनी बोट कानामागून काढलं आणि म्हणाले, "देखा? गया."

सक्सेना साहेबांनी डोळे उघडले. "क्या गया?"

सूर चालूच होता. मला स्पष्ट ऐकू येत होता.

"बंद हो गया. ऊपर का सब गया. ट्वीटर जला हुआ है."

सक्सेना साहेब त्यांच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी काही बोलणार आहे असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी मान हलवली, अगदी थोडी. नको, अशी.

"मुळ्ये, एक बार डॉक्टर..." ते म्हणाले आणि थांबले. "एक बार फिर लगा के देखते हैं."

"दस बार लगाया है. तू हर हफ्ते इसी पर सुनता था. तुझे मालूम था."

"क्या मालूम था?"

"कि माल खराब है. मालूम था और बेच दिया. पूरी नौकरी दूसरों का माल जाँचा, अपना बेचने की बारी आई तो चोरी कर गया."

मला वाटलं सक्सेना साहेब आता ओरडतील.  त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला आणि म्हणाले, "ठीक है. पैसे लौटा दूँगा. एक साथ नहीं होगा. हर महीने भेजूँगा." उठले. लिंबाची पिशवी टेबलावरच राहिली. पोहे कोणी खाल्ले नाहीत.

पुढच्या महिन्यापासून पाकीट यायला लागलं. हल्ली सगळे फोनवरून पैसे पाठवतात, पण सक्सेना साहेबांना पावती हवी असायची. नीलम ऑफिसला जाताना स्कूटी फाटकाशी थांबवायची, पाकीट आणि पावतीपुस्तक माझ्या हातात द्यायची. काका रक्कम लिहायचे, सही करायचे. पैसे कशाचे ते लिहायची, विवरणाची ओळ रिकामी सोडायचे. नीलम कधी आत आली नाही. मी पाणी विचारलं तरी म्हणायची, "देर हो रही है, आंटी."

आलेल्या पैशातून काकांनी इंदूरहून नवे ट्वीटर मागवले. मेकॅनिकने बसवले. काकांनी हिरवी तबकडी लावली, आणि शेवट आला तसे ते खुर्चीत मागे टेकले. चेहरा असा की काही हिशेब लागत नाहीये.

त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी सकाळी गेले तर ते स्क्रूड्रायव्हर स्पीकरच्या लाकडाला लावून, मूठ हाडाला टेकवून, वाकून उभे होते. तबकडी वाजत होती. त्यांनी तो बाजूला ठेवला.

"शोभाबाई, हात धुवून इकडे या. इथे उभ्या राहा, माझ्यासमोर. शेवट लावतो. व्हायोलिन ऐकू येतंय तोपर्यंत हात वर ठेवायचा. थांबलं की खाली."

मी हात वर केला. ढोल थांबले. भोंगे थांबले. सूर चढायला लागला. काका तबकडीकडे बघत नव्हते, माझ्या हाताकडे बघत होते. एका ठिकाणी त्यांचा चेहरा मोकळा झाला, ऐकणं संपलं की होतो तसा. मला कळलं, त्यांच्यासाठी इथे संपलं. माझ्यासाठी चालू होतं. हात खाली घ्यावा असं फार वाटलं. कोणाला कळलं असतं? पण ते बघत होते, आणि मी त्यांना इतकी वर्षं ओळखत होते. हात वरच ठेवला. सूर वर, आणखी वर, आणि मी हात धरून उभी, आणि समोर काका, त्यांच्या कानात काही नाही. इतका वेळ गेला की माझा खांदा भरून आला. मग दोरा संपला आणि मी हात खाली घेतला.

काका म्हणाले, "सगळे भाग बदलले. एकच राहिला होता."

पुढे म्हणाले, "त्यालाही ऐकू येत होतं?"

मी मान हलवली. हो.

"तुम्हालाही?"

"हो काका."

"आणि त्याला माहीत होतं की मला..."

त्यांना उत्तर नको होतं.

त्याच दुपारी आम्ही रिक्षाने अरेरा कॉलनीत गेलो. मला त्यांनी मुद्दाम बरोबर घेतलं, वाटेत म्हणाले, ऐकायचं राहिलं तर तुम्ही ऐका. आलेल्या पाकिटांतले सगळे पैसे, ट्वीटरला गेले ते भरून काढून, त्यांनी सोबत घेतले होते. सक्सेना साहेबांनी दार उघडलं. आतल्या खोलीत मिसेस झोपलेल्या, म्हणून ते हळू बोलायला लागले, आणि काकांना ऐकू येईना. मग ते आम्हाला जिन्यात घेऊन आले. जिन्यात उभं राहून दोघं बोलले.

"ट्वीटर ठीक था," काका म्हणाले. "मेरे कान गए हैं."

"हाँ."

"तुझे उसी दिन पता चल गया था."

"उसी दिन."

"तो बोला क्यों नहीं?"

सक्सेना साहेबांनी कठड्यावरची धूळ बोटाने पुसली. "बोलने ही वाला था. सोच रहा था, कैसे बोलूँ. जिस आदमी ने जिंदगी भर कान की कमाई खाई, उसको कैसे बोलूँ. इतने में तू बोल गया."

"गलती हो गई. ये ले, तेरे पैसे. और आगे मत भेज."

"नहीं."

"सक्सेना."

"कान का तो इलाज होता है, मशीन मिलती है. तूने जो बोला उसकी कौन सी मशीन मिलती है? और बाई के सामने बोला." ते माझ्याकडे बघून म्हणाले, रागाने नाही. "पैसे पूरे आएँगे. जिस दिन पूरे हो जाएँगे, उस दिन तू मेरे घर आना. उससे पहले नहीं. मेरे सिर पर खराब माल का एक रुपया रहेगा, तो मैं तेरे साथ बैठ के नहीं सुन सकता."

काकांनी पाकीट पुढे धरलेलंच होतं. सक्सेना साहेबांनी त्यांचा हात हळूच खाली केला आणि म्हणाले, "सँभल के उतरना, तीसरी सीढ़ी टूटी है."

रिक्षात बसल्यावर काकांनी विचारलं, शेवटी काय म्हणाला. मी सांगितलं, पायरी तुटलेली आहे म्हणाले.

तेव्हापासून काका महिने मोजायला लागले. पाकीट यायचं ते न उघडता कपाटात ठेवायचे. एकदा मला म्हणाले, "लवकर फेडणार नाही तो. औषधं आहेत." एकदा स्वतःच्या पैशांतून काहीतरी नीलमच्या हातात द्यायचं म्हणत होते, म्हणजे ते सक्सेनाकडे जाईल आणि तिथून पाकिटातून परत येईल. नीलमने हात जोडले. "पापा मार डालेंगे, अंकल."

मुलाने पुण्याहून कानाचं मशीन पाठवलं. त्यात माणसांचं बोलणं थोडं यायचं, पण व्हायोलिन म्हणजे पत्र्यावर खिळा ओढावा तसं. एकदा लावून त्यांनी ते डबीत ठेवलं. पुढे बोलणंही कमी ऐकू येऊ लागलं. आधी माझा आवाज गेला. बायकांचे आवाज आधी जातात, असं त्यांनीच मला समजावलं, मोटरचा दोष समजावतात तसं.

रविवारी मात्र तबकडी लागायचीच. मी समोर बसून हात वर धरायची. व्हायोलिन वर गेलं की हात वर, खाली आलं की खाली. खाली आल्यावर त्यांना ऐकू यायचं, ते मान हलवायचे. मधली जागा ते माझ्या हातात बघायचे. मला ते संगीत आवडायला लागलं असं मी म्हणणार नाही. पण कुठे काय येणार ते माहीत झालं होतं, आणि हिरव्या तबकडीचा शेवट आला की मी नीट बसायची.

मग पाकीट यायचं थांबलं. एक महिना गेला, दुसरा गेला. काका म्हणाले, पैशाची ओढाताण असेल, विचारू नका. मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं की नको, अजून ठरवता आलेलं नाही.

एका सकाळी नीलम आली आणि पहिल्यांदाच आत येऊन बसली. पाकीट जाडजूड होतं. काका तिच्या तोंडाकडे बघत होते. ती हळू आवाजात बोलली. काका माझ्याकडे वळले, "काय म्हणते?"

मी म्हटलं, "सक्सेना साहेब वारले, काका."

"काय?"

मी पुन्हा म्हटलं. त्यांनी कान माझ्या तोंडाजवळ आणला. मी जन्मात इतक्या मोठ्याने बोलले नव्हते. वर्माजींच्या खिडकीचा पडदा सरकला. "सक्सेना साहेब वारले."

काकांनी नीलमला विचारलं, "कब?"

नीलमने सांगितलं, मी ओरडून सांगितलं. दोन महिने होऊन गेले होते.

"मुझे किसी ने नहीं बताया."

नीलम माझ्याकडे बघून बोलली, कारण तेच सोपं होतं. "उसी दिन फोन किया था, आंटी. अंकल ने उठाया. मैं बोलती रही, ये हॅलो हॅलो करते रहे. फिर बोले, कोई है ही नहीं, और रख दिया. मैंने सोचा, नाराज हैं." ती थांबली. "ये रहने दीजिए. मत बताइए."

पण काका विचारत होते, काय म्हणते, काय म्हणते. मी तेही सांगितलं. त्याच आवाजात.

ते म्हणाले, "हो. आला होता एक फोन."

नीलमने पाकीट पुढे केलं. वडिलांनी जाण्याआधी बजावलं होतं, सगळ्यात आधी हे द्यायचं, मग बाकीचं. जेवढं द्यायचं उरलं होतं तेवढं सगळं त्यात होतं. तिने पावतीपुस्तक काढलं. काकांनी पाकीट फोडून नोटा मोजल्या, बोटाला थुंकी लावून, सावकाश. मग पेन घेतलं. रकमेच्या ओळीत रक्कम लिहिली, शब्दांतही लिहिली. विवरणाच्या ओळीवर पेन थांबलं. तिथे त्यांनी लिहिलं, 'माल में कोई दोष नहीं था.' खाली सही केली.

नीलमने वाचलं. कागद फाडून घेतला, घडी घातली, पर्समध्ये ठेवला. काकांच्या पायाला हात लावला आणि गेली.

काका दाराकडे बघत म्हणाले, "आता जाता येईल त्याच्याकडे, पैसे फिटले." त्यांनी नोटांची कडा जुळवली, रबर लावलं, आणि गड्डी टेबलावर समोर ठेवून दिली.